गोव्याहून लेहला बिऱ्हाड हलवताना: पुरुमेंत भरा, पण खिडकीची फट बुजवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही फोंड्याच्या, यजमानांची लेहला बदली झालीय, ऑक्टोबरात जायचंय. सोबत सहा वर्षांची मुलगी आणि इन्सुलिन घेणाऱ्या सासूबाई. बर्फाने रस्ते बंद झाले, वीज गेली, तर घरात काय काय असायला हवं? मी डिचोलीची. यजमानांच्या नोकरीपायी लेहमध्ये तीन हिवाळे काढले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंचं बघा. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. इतक्या वर विमानाने एकदम उतरायचं की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. डॉक्टर म्हणाले ‘उन्हाळ्यात न्या’, तर या हिवाळ्यात त्यांना फोंड्यातच राहू द्या. पोचल्यावर पहिले दोन दिवस कुणीच काही उचलायचं नाही, सामान तसंच पडू द्या. तयारीला तिसऱ्या दिवसापासून लागा.

खाण्याची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही, कारण ते काम आपल्या हाडात आहे. मे महिन्यात आपल्या आया-आज्या पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायच्या ना? सोलां (सुकवलेली कोकमं), सुके बांगडे, कांद्याच्या माळा, मिरच्या, चिंच, पापड, पावसाआधी रचून ठेवलेली लाकडं. लेहमध्ये अगदी हेच चालतं, फक्त ऑगस्ट-सप्टेंबरात. गच्चीवर भाज्या आणि जर्दाळू वाळत असतात, आणि बटाटे, गाजरं, सलगम अंगणातल्या खड्ड्यात पुरून ठेवतात म्हणजे गोठत नाहीत. झोजी ला आणि बारालाचा ला हे घाट बर्फाने बंद झाले की ताजा माल विमानाने येतो आणि महाग पडतो. बर्फ पडत असेल तर विमानही रद्द होतं. महिनाभराचं कोरडं सामान घरात ठेवा.

एक मात्र सांगते, उकडे तांदूळ पोतंभर नेऊ नका. तिथे पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं, त्यामुळे शिजायला वेळ लागतो आणि इंधन हकनाक जातं. पोहे, रवा, मुगाची डाळ, दूध पावडर न्या. दोन प्रेशर कुकर आणि चार जास्तीच्या रबरी रिंगा न्या. रिंग फाटली तर डाळीसाठी तास मोजत बसावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. सगळं घर गरम ठेवायचा विचार सोडून द्या. एकच खोली निवडा, शक्यतो दक्षिणेकडच्या उन्हाची, आणि सगळी तयारी त्या खोलीची करा. जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या आणि गालिचे, सगळ्यांच्या गाद्या एकत्र. पाणी, औषधं, टॉर्च, दोन दिवसांचं जेवण, सगळं तिथेच. जानेवारीत रात्री पारा उणे १५च्या खाली जातो. वीज गेली की बाकीच्या खोल्या तासाभरात बर्फ होतात, ही एक तेवढी जगवता येते.

आणि त्या खोलीत बुखारी असेल. बुखारी म्हणजे पत्र्याची शेगडी. लाकडं, शेणी किंवा रॉकेलवर जळते, धूर नळीने बाहेर जातो. आमच्या पहिल्या डिसेंबरात खिडकीच्या चौकटीतून सुईसारखा वारा यायचा. मी जुनी चादर फाडून, पट्ट्या करून, फटी ठासून बुजवल्या. फार समाधान वाटलं होतं. त्या रात्री बुखारी मंद ठेवून झोपलो. पहाटे माझं डोकं ठणकत होतं, लेकीला मळमळत होतं, आणि यजमान हाक मारूनही नीट उठेनात. मला वाटलं उंचीमुळे. पाणी घ्यायला धडपडत दाराबाहेर आले तेव्हा मालकीणबाई, ज्यांना आम्ही आमा-ले म्हणायचो, भांडी घेऊन चालल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी भांडी तिथेच टाकली, आत शिरून खिडकी सताड उघडली आणि लेकीला उचलून बाहेर आणलं. मग त्या माझ्या पट्ट्या एकेक करून ओढून काढत होत्या. हात काजळीने काळे, तोंडाने एक शब्द नाही. आजही ते आठवलं की माझे हात थंड पडतात.

तो कार्बन मोनॉक्साइड होता. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी, ही लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात म्हणून माणूस फसतो. खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी त्रास होऊ लागला, बाहेर गेल्यावर बरं वाटू लागलं, तर वायूचा संशय घ्या. खरं तर संशय आला की विचार करत बसूच नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि डॉक्टर गाठा. तौक्ते वादळात, २०२१च्या मेमध्ये, आमच्याकडे दिवसच्या दिवस वीज नव्हती. तेव्हा आम्ही दारं-खिडक्या उघड्या टाकून ओसरीवर झोपलो. संकटात वारा घरात घ्यायची आपल्याला सवय असते. तिथे थंडी माणसाला सगळं बंद करायला लावते. म्हणून बुखारी पेटती असेल तोवर खिडकी दोन बोटं उघडी, झोपण्याआधी बुखारी पूर्ण विझवलेली, नळीतली काजळी वरचेवर झाडलेली. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवरचा अलार्म गोव्यातूनच घेऊन जा. यादीतलं बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हा राहू देऊ नका. रात्री उबेसाठी रबरी गरम पाण्याच्या पिशव्या, माणशी एक.

पाण्याचं आपल्याला उलटं वाटतं. आपल्याकडे पाणी शिरतं, तिथे ते दगड होतं. पहिल्या सकाळी बादलीत टाकलेला मग बर्फात रुतून बसला होता, बादली उलटी केली तरी सुटेना. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून पिंप गळ्यापर्यंत भरू नका, काचेच्या बाटलीत पाणी ठेवू नका. नळ गोठला तर तोटी उघडी ठेवून, तोटीकडून मागे मागे गरम पाण्याचे फडके गुंडाळत जा. पेटता कागद किंवा बर्नर लावू नका. माणशी निदान चार-पाच लिटर पिण्याचं पाणी त्या एका खोलीतच असू द्या.

गॅसचंही तसंच. शून्याच्या खाली ब्युटेनचा वायूच होत नाही, त्यामुळे सिलिंडर भरलेला असून शेगडी मिणमिणते. तो घरातल्या उबदार भागात उभा ठेवा, पण त्याला शेक द्यायला जाऊ नका.

सासूबाई आल्याच तर इन्सुलिन नीट सांभाळा. आपण इथे ते गरम होऊ नये म्हणून फ्रिजमध्ये ठेवतो, तिथे गोठू नये म्हणून जपावं लागतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी, फेकूनच द्यायचं. जाड डब्यात, कापडात गुंडाळून, खिडकीपासूनही लांब आणि बुखारीपासूनही लांब. बाहेर जाताना स्वेटरच्या आतल्या खिशात. साखर मोजायचं यंत्र आणि फोनची बॅटरीही थंडीत दगा देते, ती रात्री पांघरुणात घ्या. तीन महिन्यांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी. मोठं सरकारी रुग्णालय सोनम नोर्बू यांच्या नावाचं आहे, पहिल्याच आठवड्यात जाऊन रस्ता बघून या. फोन पोस्टपेड करून घ्या, बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं तिथे चालत नाहीत.

घर बघताना नाल्याच्या वाटेतलं घेऊ नका. २०१०च्या ऑगस्टमध्ये ५ तारखेच्या रात्री ढगफुटी झाली. कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यांतून चिखल आणि दगड आले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. लेहजवळच्या चोगलमसरमधली घरं गाडली गेली, रुग्णालयातही चिखल शिरला. आपल्या साखळीला वाळवंटी नदीचं पाणी बाजारात शिरतं तेव्हा ते चढताना निदान दिसतं. तिथे तेवढाही वेळ मिळाला नाही.

घर पसंत पडलं की मालकिणीला ‘जुले’ (लडाखी नमस्कार) म्हणा आणि दोन गोष्टी विचारा: हिवाळ्यात पाणी कुठून आणता, आणि बुखारीची नळी शेवटची कधी साफ केली? दुसऱ्याचं उत्तर अडखळत आलं, तर पेटवण्याआधी नळी उतरवून स्वतः बघा.