खांद्याचा एमआरआय: टी-वन सॅजिटल काप आहेत का ते आधी बघा

ताई, तुमच्या आईंच्या रिपोर्टमधे "सुप्रास्पायनॅटस पूर्ण फाटलाय, फॅटी अ‍ॅट्रॉफी आहे" (सुप्रास्पायनॅटस म्हणजे हात वर उचलणारा खांद्याचा स्नायू, फॅटी अ‍ॅट्रॉफी म्हणजे तो बारीक होऊन त्यात चरबी शिरलीये) एवढंच लिहिलंय, ग्रेड नाही, आणि एक सर्जन म्हणतात शिवून घ्या, दुसरे म्हणतात उपयोग नाही. आमच्या बाबांचं सेम हेच झालं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही हं.

फाटलंय किती हे सगळेच विचारतात, स्नायूत जीव किती उरलाय ते विचारा. त्यासाठी गुटालिए ग्रेड असते, म्हणजे स्नायूत चरबी किती शिरली त्याचं माप, 0 ते 4, 2 म्हणजे चरबी आहे पण स्नायू जास्त, 3 म्हणजे निम्मं-निम्मं, 4 म्हणजे चरबीच जास्त. 3-4 असेल तर शिवलेलं परत फाटायची शक्यता वाढते, आणि स्नायूत शिरलेली चरबी सहसा मागे फिरत नाही.

आमचं घोडं अडलं स्कॅन सेंटरपाशी. नाव लिहीत नाही. सगळे सॅजिटल काप (म्हणजे खांदा बाजूने बघितल्यासारखे उभे काप) फॅट सप्रेशन लावून काढलेले, त्यात चरबीच काळी होते, मग मोजायची कशी? त्यात भर म्हणजे काप आतपर्यंत नेलेच नाहीत. खांद्याच्या फऱ्याचं हाड जिथे इंग्रजी वायसारखं दिसतं तिथला काप लागतो, तोच नाही! सर्जननी टी-वन (एमआरआयचा प्रकार, त्यात चरबी पांढरी दिसते) मागितला तर सेंटरवाले म्हणे आमचा प्रोटोकॉल असाच आहे, नवीन पाहिजे तर पूर्ण पैसे भरा. सीडी मागितली तर फिल्म घेऊन जा म्हणे. काऊन बाप्पा, पैसे कशाचे घेतले मग? या हुज्जतीत महिने गेले, आणि फाटलेला स्नायू काही थांबून राहत नाही, चरबी वाढतच जाते. आजही आठवलं की संताप होतो.

ग्रेड मिळाली तरी तिला धरून बसू नका. तोच काप एकाला 2 वाटतो, दुसऱ्याला 3. शिवाय कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) आत ओढला गेला असेल तर स्नायूही आत सरकतो, मग वायच्या कापात तो आहे त्याहून बारीक दिसतो, म्हणून रिट्रॅक्शन, म्हणजे हे आत ओढलं जाणं, किती तेही लिहून मागा. माझं मत, 2 की 3 यावरच ऑपरेशन ठरवू नये, आईंचं वय, शुगर, हात किती वर जातो हेही बघावं. चुकत असेन तर इथले डॉक्टर सांगतीलच.

स्कॅनला नागपुरात धंतोलीत जाणार असाल तर गाडी नेऊ नका, ऑटोच बरा. आणि सीडी तिथेच काऊंटरवर उघडून दाखवा म्हणा, टी-वन सॅजिटल दिसल्याशिवाय निघू नका.