देव माणूस झाला म्हणजे त्याने फक्त माणसाचे रूप घेतले ना? मग सर्वज्ञ देवाला दुःख खरोखर कसे होईल? हा अवतारच नव्हे का?

फक्त रूप घेतले, असे ख्रिस्ती श्रद्धा मुळीच म्हणत नाही. येशूचे शरीर केवळ भास होता असे शिकवणारे लोक अगदी सुरुवातीपासून होते, आणि ख्रिस्त देहाने आला हे जो कबूल करत नाही तो देवापासून नाही, असे योहानाच्या पहिल्या पत्रात त्यांना स्पष्ट बजावले आहे. चौथ्या शतकात अपोलिनारिस या बिशपाने शरीर खरे मानले, पण त्यात मानवी बुद्धीच्या जागी दैवी शब्दच, म्हणजे देवाचा सनातन पुत्रच, होता असा तोडगा काढला. ३८१ सालच्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या धर्मसभेने तोही फेटाळला, कारण नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताने म्हटल्याप्रमाणे, ख्रिस्ताने माणसातले जे धारण केले नाही ते बरेही झाले नाही, म्हणजे त्याचा उद्धारही झाला नाही.

माझी धाकटी बहीण बाळंतपणात गेली. दफनविधीनंतर आई तिची फणी हातात घेऊन बसली होती. दात्यांत अडकलेले केस एकेक करून सोडवत होती आणि रडत होती. प्रार्थनेला आलेल्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी तिला सर्वांदेखत सांगितले, की विश्वासणाऱ्यांनी असे रडू नये. येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा तो पुन्हा उठणार हे येशूला ठाऊकच होते, त्यामुळे त्याचे रडणेही केवळ लोकांसाठी होते. आईने पदराने डोळे पुसले, फणी कपाटात ठेवली आणि त्यानंतर आमच्यासमोर बहिणीचे नाव काढले नाही. मी तिथेच म्हणालो, "काका, मग गेथशेमाने बागेतला घामही दाखवण्यापुरताच होता का?" पोरांनी शास्त्र शिकवू नये, असे म्हणून त्यांनी विषय संपवला. माझ्या दृष्टीने तो आजही संपलेला नाही.

"माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे" असे पकडले जाण्याआधीच्या रात्री त्या बागेत म्हणणारा, घामाने निथळणारा आणि मरणाचा प्याला टळावा म्हणून विनवणारा येशू नाटक करत असेल, तर शुभवर्तमानच खोटे ठरते. जगाचा शेवटचा दिवस पुत्रालाही, म्हणजे स्वतः येशूलाही, ठाऊक नाही, असे शुभवर्तमानकार मार्क नोंदवतो. येशू ज्ञानाने वाढत गेला, असे दुसरा शुभवर्तमानकार लूक सांगतो. पुनरुत्थानानंतरही देह टाकून दिलेला नाही: हातांवर व्रण आहेत, आणि शिष्यांसमोर तो भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. देवाने मनुष्यपण कायमचे आपले केले, असा याचा अर्थ आहे.

सर्वज्ञता आणि अज्ञान एकाच व्यक्तीत कसे नांदतात, याची उकल ४५१ सालच्या खाल्केदोनच्या धर्मसभेनेही दिली नाही; एकाच व्यक्तीत दोन स्वभाव, म्हणजे देवपण आणि मनुष्यपण, सरमिसळ नाही आणि फारकतही नाही, एवढी सीमा तिने आखून दिली. दुःख भोगले ते मनुष्यस्वभावात, देवत्व बदलले नाही, हीही पुस्ती जोडायला हवी. अवताराशी तुलना करायची, तर वैष्णव परंपरांचा अभ्यास असलेल्याने करावी. मला दिसणारा फरक म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत हे एकदाच घडते.

मात्र शोक झालेल्या ख्रिस्ती घरी तुम्ही कधी गेलात, तर देवाच्या नावाने कोणाचे रडणे थांबवू नका. थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांस लिहिलेल्या प्रेषित पौलाच्या ज्या वचनाचा आमचे काका आधार घेत, त्यात ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका, असे म्हटले आहे. खेदच करू नका, असे पौलाने कुठेही लिहिलेले नाही.