स्ट्रॉबेरीत व्हायरस आहे का, आणि कोणता, हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय, वाईजवळच्या नर्सरीत मदर प्लांटची (ज्यापासून रोपं काढतात त्या मूळ झाडांची) नवी पानं आकसतायत, कडा पिवळ्या पडतायत, तर हा कोणता व्हायरस?

नुसतं पान बघून नाव सांगता येत नाही. बऱ्याच जाती एखादा व्हायरस असूनही हिरव्यागार दिसतात. दोन-तीन एकत्र आले की मग झाड बसतं. शिवाय कॅल्शियम कमी पडलं की कोवळ्या पानांची टोकं करपतात, आणि कोंबातली सूक्ष्म कोळी कीड (माइट) पानं अगदी व्हायरससारखीच आखडवते. म्हणून आधी न उघडलेलं पान उलगडून भिंगाखाली बघा.

माव्यातून पसरणारे मुख्य व्हायरस चार, आणि ते चार वेगळ्या कुळांतले. मॉटल आणि माइल्ड यलो एज हे धन-आरएनएचे (ज्यांचा आरएनए पेशीत थेट वाचला जातो), क्रिंकल ऋण-आरएनएचा (उलट धाग्याचा) रॅब्डोव्हायरस, तर व्हेन बँडिंग चक्क डीएनएचा. हे वर्गीकरण पुस्तकी वाटेल, पण तपासणी त्यावरच ठरते: पहिल्या तिघांना आरटी-पीसीआर (आरएनएचं आधी डीएनए करून घेणारी तपासणी) लागते, चौथ्याला साधी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून बघणारी) पुरते. लॅबला नुसतं ‘व्हायरस टेस्ट करा’ म्हणू नका, चारही नावं लिहून द्या. फवारणीचंही तसंच. मॉटलचा व्हायरस मावा काही मिनिटांत उचलतो, तिथे औषधाला उशीरच होतो; क्रिंकल माव्याच्या अंगात वाढतो आणि मावा मरेपर्यंत त्यात राहतो.

नमुना थंडीत घ्या, नुकत्या उघडलेल्या पानांचा. उन्हाळ्यात व्हायरसचं प्रमाण घटतं आणि रिपोर्ट खोटा ‘निगेटिव्ह’ येतो. दुसरी अडचण पानातलीच: स्ट्रॉबेरीत पॉलिफेनॉल आणि चिकट शर्करा भरपूर, त्या पीसीआर बंद पाडतात. म्हणून सीटॅब बफरमध्ये (पानातून आरएनए-डीएनए काढायचं द्रावण) पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारी पावडर) घालायलाच हवं, आणि सोबत झाडाच्या स्वतःच्या ‘एनएडी-5’ जनुकाची पट्टी (तपासणीत उमटणारी रेघ) हवी. ती पट्टीच उमटली नसेल, तर ‘निगेटिव्ह’ला काही अर्थ नाही.

जमल्यास पान-कलमही करा. माहीत नसलेला व्हायरसही त्यात सापडू शकतो. संशयित पानाची मधली पर्णिका (तीन पानड्यांतली मधली) काढा, तिचा देठ पाचरीसारखा तासा. फ्रॅगारिया व्हेस्का या रानटी स्ट्रॉबेरीच्या ‘यूसी-4’ किंवा ‘यूसी-5’ या सूचक (व्हायरसची लक्षणं स्पष्ट दाखवणाऱ्या) रोपाच्या पानाची मधली पर्णिका खुडून तिथे चीर द्या, पाचर बसवा, पॅराफिल्म (ताणता येणारी मेणपट्टी) गुंडाळा. एका रोपावर अशी दोन-तीन कलमं. आठ-दहा दिवस पिशवीखाली दमट ठेवा, मग दीड-दोन महिने नवी पानं बघत राहा. पांढऱ्या माशीतून येणारा पॅलिडोसिस मात्र व्हेस्कावर दिसत नाही, त्याला फ्रॅगारिया व्हर्जिनियाना या दुसऱ्या रानटी स्ट्रॉबेरीचं ‘यूसी-10’ किंवा ‘यूसी-11’ लागतं.

निकाल येईपर्यंत त्या मदर प्लांटचा एकही रनर (जमिनीवर पसरून नवं रोप देणारा फुटवा) लावू नका.