एक कोटी सत्त्याण्णव लाख मतं, हाती भोपळा

वाचकांचे प्रश्न : अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक आणि बाहेरचा उमेदवार

प्रश्न : १९९२ साली रॉस पेरो या अपक्षाला जवळजवळ १९ टक्के मतं मिळाली, पण इलेक्टोरल मत एकही नाही, असं वाचलं. ही छपाईची चूक आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : चूक नाही. पेरोंना १८.९ टक्के, म्हणजे १ कोटी ९७ लाखांवर मतं पडली आणि ५३८ इलेक्टोरल मतांपैकी शून्य. ही एक निवडणूक दिसते, पण अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे इलेक्टर (म्हणजे निवडणारे प्रतिनिधी, प्रत्येकाचं एक इलेक्टोरल मत), आणि मोजणी राज्यागणिक वेगळी होते. मेन आणि नेब्रास्का वगळता ४८ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये ज्याला सर्वांत जास्त मतं, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळेच्या सगळे इलेक्टर. पेरोंची मतं भाकरीवर तूप फिरवावं तशी देशभर सारखी पसरलेली होती. मेनमध्ये त्यांनी खुद्द अध्यक्ष (थोरले) बुश यांना मागं टाकलं, युटामध्ये डेमोक्रॅट बिल क्लिंटन यांना. पण दोन्हीकडे नंबर दुसराच, आणि दुसऱ्याला तिथं काही मिळालं नाही.

मतं किती यापेक्षा ती कुठं पडली हे किती महत्त्वाचं, हे १९४८ मध्ये दिसतं. त्या साली स्ट्रॉम थर्मंड आणि हेन्री वॉलेस या दोघा बंडखोरांना साधारण २.४ टक्के अशी जवळपास सारखीच मतं मिळाली. थर्मंडना ३९ इलेक्टोरल मतं, वॉलेसना शून्य. थर्मंड यांची मतं दक्षिणेत एकवटली होती. शिवाय त्यांनी जिंकलेल्या चारही राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिकृत उमेदवार म्हणून नाव त्यांचंच होतं. अलाबामात तर पक्षाचे खरे उमेदवार, अध्यक्ष ट्रुमन, यांचं नाव मतपत्रिकेवरच नव्हतं. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी १३.५ टक्क्यांवर पाच राज्यं आणि ४६ इलेक्टोरल मतं काढली, तीही दक्षिणेतूनच. थोडक्यात, प्रादेशिक उमेदवार काही राज्यं खिशात घालतो. सगळ्या देशाला थोडाथोडा आवडणारा मात्र रिकाम्या हातानं घरी जातो.

प्रश्न : आपल्याकडे अपक्षाला लोकसभेसाठी दहा सूचक आणि पंचवीस हजारांची अनामत लागते. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी अर्ज कुठं आणि कसा भरतात? (एक वाचक, लातूर)

उत्तर : असा एक अर्जच नाही, आणि खरी अडचण तीच. ५० राज्यं आणि राजधानी मिळून ५१ ठिकाणी वेगवेगळे नियम, वेगवेगळ्या मुदती. खर्चाचा हिशोब पक्षांना आणि उमेदवारांना फेडरल (केंद्रीय) निवडणूक आयोगाकडे द्यावा लागतो. मतपत्रिकेवर नाव यायचं तर राज्याची पायरी चढावी लागते.

मुख्य चाळणी सह्यांची. टेनेसीत २७५ सह्यांवर भागतं. २०२४ साली टेक्सासला १,१३,१५१ लागत होत्या, कॅलिफोर्नियाला २,१९,४०३. न्यूयॉर्कला ४५,००० आणि तेवढ्या गोळा करायला सहा आठवडे. टेक्सासची अट तर फारच बेरकी: प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पूर्वनिवडणुकीत) मत दिलेल्या मतदाराची सही बाद. त्यामुळं सह्या प्रायमरी झाल्यावरच गोळा करता येतात. २०२४ मध्ये प्रायमरी ५ मार्चला होती आणि कागद १३ मेपर्यंत द्यायचे होते. मधले जेमतेम दहा आठवडे.

सह्यांबरोबर इलेक्टरांची यादी द्यावी लागते (कॅलिफोर्नियात ५४ नावं), आणि बऱ्याच राज्यांत उपाध्यक्षपदाचा उमेदवारही. म्हणजे मोठे पक्ष ज्या नावाचा सस्पेन्स उन्हाळ्यापर्यंत ताणतात, ते अपक्षाला मार्चमध्येच जाहीर करावं लागतं.

आता फसतं कुठं ते. सही करणारा मतदारयादीत नसतो, त्याचा पत्ता यादीतल्या पत्त्याशी जुळत नाही, एकच माणूस दोनदा सही करतो, कागदावर तारीख नसते. म्हणून लागतील त्याच्या किमान दीडपट सह्या घ्याव्यात, विरोधकांचे वकील कंबर कसून बसले असतील तर दुप्पट. हे काम बहुतेकदा दर सहीमागं पैसे घेणाऱ्या कंपन्या करतात आणि मुदत जवळ आली की दर चढतात. पेरोंनी सगळ्या ५० राज्यांत नाव लावलं, पण ते अब्जाधीश होते आणि त्यांच्यामागं स्वयंसेवकांची फौजही होती.

रॉबर्ट केनेडी (ज्युनियर) यांच्या २०२४ च्या खटपटीत यातलं जवळजवळ सगळं पाहायला मिळालं. नेव्हाडात सह्यांच्या कागदावर उपाध्यक्षाचं नावच नव्हतं, त्यामुळं त्या सह्यांवर गंडांतर आलं. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपला पत्ता म्हणून मित्राच्या घरातली भाड्याची खोली दाखवली. ते तिथं राहतच नाहीत असं ठरवून कोर्टानं ऑगस्टमध्ये नाव उडवलं. गंमत पुढंच आहे. २३ ऑगस्टला त्यांनी माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला, तेव्हा मिशिगन आणि विस्कॉन्सिनमधून नाव काढता काढता निघेना. ते शेवटपर्यंत मतपत्रिकेवर राहिलं.

प्रश्न : ट्रम्पसुद्धा बाहेरचेच होते. मग त्यांना हे सगळं कसं जमलं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : त्यांनी नवं दुकान थाटलं नाही, जुन्या पेढीच्या गादीवर जाऊन बसले. २०१६ पूर्वी त्यांनी ना सरकारी पद भूषवलं होतं, ना लष्करात नोकरी केली होती. त्या अर्थानं ते पुरते बाहेरचे. पण उमेदवारी मिळताच रिपब्लिकन पक्षाची मतपत्रिकेवरची जागा ५० राज्यांत आयती हाती आली, आणि वर्षानुवर्षं त्याच चिन्हाला मत देणारे मतदारही.

ती उमेदवारी कशी मिळाली हे दक्षिण कॅरोलिनात बघावं. २० फेब्रुवारी २०१६ च्या प्रायमरीत ट्रम्पना ३२.५ टक्के मतं पडली. रुबिओ आणि क्रूझ या प्रतिस्पर्ध्यांना प्रत्येकी साडेबावीसच्या आसपास. म्हणजे तीनातल्या दोघांना ट्रम्प नको होते. डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) कोणाला? ५० पैकी ५० ट्रम्पना! तिथला नियम असा: राज्यात पहिला येणाऱ्याला २९ डेलिगेट, आणि सात मतदारसंघांपैकी प्रत्येकात पहिला येणाऱ्याला तीन-तीन, म्हणजे २१. ट्रम्प सगळीकडे पहिले. फ्लोरिडातही ४५.७ टक्क्यांवर सगळे ९९ डेलिगेट. विरोधक सतरा जणांच्या गर्दीत एकमेकांचीच मतं खात राहिले, आणि ट्रम्प यांचे बहुमताला लागणारे १,२३७ डेलिगेट भरले.

डेमोक्रॅटिक पक्षात ही युक्ती चालत नाही. तिथं १५ टक्क्यांच्या वर असलेल्यांना मतांच्या प्रमाणात डेलिगेट मिळतात. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स बरीच राज्यं जिंकूनही हिलरी क्लिंटनबाईंची आघाडी तोडू शकले नाहीत, त्याचं हे एक कारण. तेव्हा बाहेरच्या माणसानं पक्ष निवडताना विचारसरणीइतकाच त्याचा डेलिगेट-नियमही वाचावा. आणि वेळेत वाचावा, कारण बऱ्याच प्रायमरींचे अर्ज आधीच्या वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरातच बंद होतात.

उमेदवारी मिळाली म्हणजे निवडून आलाच असं मात्र नाही. १९४० मध्ये कंपनी चालवणारे वेंडेल विल्की पक्षाच्या अधिवेशनातल्या मतदानाच्या सहाव्या फेरीत रिपब्लिकन उमेदवार झाले आणि रूझवेल्टसमोर ८२ विरुद्ध ४४९ इलेक्टोरल मतांनी आपटले.

प्रश्न : चाचण्यांत पुढं असलेला अपक्ष शेवटी का घसरतो? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : जून १९९२ च्या गॅलप चाचणीत पेरो ३९ टक्क्यांवर होते, दोघांच्याही पुढं. १६ जुलैला त्यांनी स्वतःच मैदान सोडलं आणि १ ऑक्टोबरला परत आले. ती पडझड अर्धीअधिक त्यांनी हातानं ओढवून घेतली. पण १९८० मध्ये जॉन अँडरसन मैदान न सोडताही उन्हाळ्यातल्या २० टक्क्यांवरून ६.६ वर आले. नोव्हेंबर जवळ आला की मतदार ‘माझं मत वाया जाईल का’ असा हिशोब करू लागतो. आणि तो चुकीचाही नाही: २००० मध्ये फ्लोरिडात ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं पडली आणि धाकटे बुश डेमोक्रॅट गोर यांच्यापुढं अवघ्या ५३७ मतांनी राज्य जिंकून अध्यक्ष झाले.

त्यात टीव्हीवरच्या डिबेटचं दार. पेरो १९९२ च्या तिन्ही डिबेटमध्ये होते, १९९६ मध्ये त्यांना घेतलंच नाही. २००० पासून चाचण्यांत सरासरी १५ टक्क्यांची अट आली. डिबेटशिवाय १५ टक्के होत नाहीत आणि १५ टक्क्यांशिवाय डिबेट नाही.

प्रश्न : तिरंगी लढतीत कोणालाच २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे बहुमत, मिळालं नाही तर? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : मग पहिल्या तिघांतून प्रतिनिधिगृह अध्यक्ष निवडतं, आणि तिथं प्रत्येक राज्याला एकच मत. २६ राज्यं लागतात. १८२४ मध्ये जॅक्सन यांना ९९ आणि अ‍ॅडम्स यांना ८४ इलेक्टोरल मतं असताना अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले. सभागृहात जवळजवळ सगळे दोन पक्षांचेच, तेव्हा अपक्षाला तिथं वाली कोण?

प्रश्न : बेळगावचे श्री ठाणेदार अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आहेत. ते अध्यक्षपदाला उभे राहू शकतील का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. अध्यक्ष जन्मानं अमेरिकन नागरिक असावा लागतो. ठाणेदार भारतात जन्मले आणि पुढं नागरिक झाले. बाकी वाट त्यांनी नेमकी धरली. राजकारणात नवखे असताना २०१८ मध्ये त्यांनी स्वतःचा पैसा ओतून मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि तिसरे आले. मग २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात आणि २०२२ मध्ये काँग्रेसमध्ये गेले, दोन्ही वेळा पक्षाच्याच तिकिटावर. न्यू जर्सीत किंवा डेट्रॉइटमध्ये जन्मलेल्या मराठी मुलाला मात्र जन्माची आडकाठी नाही; वय ३५ आणि देशात १४ वर्षांचा रहिवास, एवढं पुरे.