घरी सांगितलंय एम.बी.ए., मन मात्र नाटकात

'ताई, वय 24, कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. बी.कॉम. झालंय, गांधीनगरात एका कापड दुकानाचे हिशेब बघते. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा काम केलं, एकदा प्रकाशयोजनाही. पुढं नाटकातच एम.ए. करायचंय. बाबा जुने पैलवान, म्हणतात नाटकानं पोट भरत नाही. म्हणून घरी एम.बी.ए.ची तयारी चाललीय असं सांगून ठेवलंय. पैलवानाचं अंग आणि नटाचं अंग यावर काहीतरी करावंसं वाटतं, पण हे नाटकाच्या शिक्षणात बसतं का?'

बसतं की! सगळ्यात मोलाचं वाक्य तू शेवटी, तेही भीत भीत लिहिलंस. शाहू महाराजांनी नाट्यगृह आणि कुस्त्यांचं खासबाग मैदान शेजारी शेजारी उभारलं. 1915 सालचं ते केशवराव भोसले नाट्यगृह 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं, तेव्हा नाटकवाल्यांइतकेच कुस्तीवालेही हळहळले. तुझा प्रश्न या गावातच उगवलेला आहे.

आता कुठं शिकायचं ते या प्रश्नावरून ठरव, संस्थेच्या नावावरून नको. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम मुख्यतः प्रत्यक्ष नाटक उभं करणाऱ्यांसाठी. मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी आणि पुण्याचं ललित कला केंद्र इथंही भर प्रत्यक्ष कामावर. तुला करण्याबरोबर विचारायचंही आहे. मग जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं कला व सौंदर्यशास्त्राचं एम.ए. बघ. तिथं नाटक, चित्रकला, सिनेमा एकाच छताखाली अभ्यासतात. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, आणि वाचन सगळं इंग्रजीत. त्याची सवय आजपासून कर, नाहीतर पहिलं सत्र रडण्यात जाईल. दिल्ली लांब वाटली तर आपल्या शिवाजी विद्यापीठातही संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. आधी तिथं जाऊन शिक्षकांशी बोल, त्याला पैसे पडत नाहीत.

पोटाचं म्हणशील तर बाबा अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पदवी हातात आली की नोकरी दारात, असं इथं होत नाही. एम.ए.ला 55 टक्के मिळव, प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा दे, त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधन करताना दरमहा पैसे येतात. आणि हिशेबाचं काम सोडू नकोस. नाटकवाल्यांत जमाखर्च कळणारं माणूस दुर्मीळ, हे मी खात्रीनं सांगते.

एम.बी.ए.ची थाप मात्र मला आवडली नाही. बाबांनी तालमीत घाम गाळला तो काय पगारासाठी? पोटापलीकडची ओढ त्यांना कळणार नाही, असं तू परस्पर ठरवून टाकलंस. तुझ्या अभ्यासाचा पहिला जाणकार तर घरातच बसलाय. डाव टाकण्याआधी खांदा कसा फसवा हलवतात, पट काढताना नजर कुठं असते, हे त्यांना विचार आणि लिहून ठेव. जमलं तर त्यांच्याबरोबरच तालमीत जा. जिथं प्रवेशाला मुलाखत असेल, तिथं हीच वही तुझ्या बाजूनं बोलेल.

फक्त एम.बी.ए.चं खरं आधी सांग, डावांचं नंतर विचार. उलटं केलंस तर गोड बोलून गळाला लावलं असं त्यांना वाटेल, आणि पैलवानाला डाव ओळखता येतो गं.