वाचकांचे प्रश्न : आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिताना

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली माझी कादंबरी मोठ्यांना फार आवडते. मुले मात्र तिसऱ्या प्रकरणापाशी वाचन सोडतात. भाषा आणखी सोपी करावी का?

उत्तर : भाषेला हात लावण्यापूर्वी, कथेचा निवेदक कोणत्या वयातून बोलतो आहे, हे तपासावे, असे मी सुचवीन. आपण सोबत पाठवलेल्या पानांत ‘ते दिवस किती निरागस होते’ असे वाक्य आहे. दहा वर्षांच्या मुलीला स्वतःचे दिवस निरागस वाटत नाहीत. मैत्रिणीने अचानक बोलणे बंद केलेले असते आणि तिच्या लेखी तो त्या आठवड्यातला सर्वांत गंभीर प्रश्न असतो. मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेले बालपण हा साहित्याचा एक सुंदर विषय आहे, परंतु त्याचा खरा वाचक मोठा माणूसच असतो, आणि आपली कादंबरी मोठ्यांना का आवडते याचे उत्तरही बहुधा यातच आहे. मुलांसाठीची गोष्ट आजच्या क्षणातून, पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या मनातून सांगावी लागते.

कठीण शब्दांची भीती बाळगू नये. या वयातली मुले अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लावतात किंवा तो ओलांडून पुढे जातात. नायिकेला नेमके काय हवे आहे हेच कळत नसेल, तर मात्र ती पुस्तक मिटतात. म्हणून हस्तलिखितात जिथे जिथे आई, काका किंवा शिक्षक येऊन अडचण सोडवतात, तिथे तिथे खूण करावी आणि तो निर्णय मुलांच्या हाती देऊन ते प्रसंग नव्याने लिहावेत. मुलांना आपल्यापेक्षा वर्ष-दोन वर्षांनी मोठ्या पात्रांविषयी वाचायला आवडते, असा या क्षेत्रातला सर्वसाधारण अनुभव आहे. त्यामुळे आपली नऊ वर्षांची नायिका बारा वर्षांची केल्यास तिला घराबाहेर एकटीने वावरण्याची मोकळीकही अधिक मिळेल. त्यानंतर संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचून पाहावा. उपदेश कुठे शिरला आहे, हे डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते.

प्रश्न : माझ्या कथेत आजोबांचा मृत्यू आहे. मुलांच्या पुस्तकात इतके दुःख नको, असे हितचिंतक म्हणतात. तो प्रसंग काढून टाकावा का?

उत्तर : काढू नये. गेलेले माणूस परत येत नाही, हे या वयापर्यंत बहुतेक मुलांना उमगलेले असते. दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी विचारले तर काय सांगायचे, आजोबांच्या खुर्चीवर बसायचे की नाही, खेळताना हसू आले तर ते चुकीचे आहे का, हे प्रश्न मात्र ती कुणाला विचारू शकत नाहीत, आणि पुस्तक इथेच त्यांच्या उपयोगी पडते. शेवट गोड असण्याची गरज नाही. तरीही त्या मुलाच्या बाजूला शेवटच्या पानावर कुणीतरी, निदान एखादा मित्र तरी, असावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : नोकरी सोडून पूर्णवेळ बालसाहित्य लिहावे, असा विचार आहे. यावर उपजीविका होते का?

उत्तर : फार थोड्या लेखकांची होते. मानधन बहुधा विक्रीच्या टक्केवारीवर ठरते, आगाऊ रक्कम मिळाली तरी ती पुढे त्याच टक्केवारीतून वळती केली जाते, आणि शाळांतील भेटी, कार्यशाळा किंवा संपादनाचे काम यांवर अनेकांचे घर चालते. शिवाय हस्तलिखित स्वीकारल्यापासून पुस्तक हाती येईपर्यंत अनेकदा वर्षभराहून अधिक काळ जातो, म्हणजे ज्या बारा वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून आपण लिहिले, तो तोवर या वयोगटाबाहेर गेलेला असतो. मोठ्यांच्या लेखकाबरोबर त्याचा वाचकही वाढतो. आपला वाचक चार-पाच वर्षांत निरोप घेतो. याचा एक लाभही आहे, कारण दरवर्षी नवी मुले आठ वर्षांची होतात आणि चांगले पुस्तक पुन्हा नव्याने वाचले जाते.

ते त्यांच्यापर्यंत पोहोचते मात्र पालक, शिक्षक आणि ग्रंथपाल यांच्या हातून. अमेरिकेत १९२२ पासून बालसाहित्यासाठी दिले जाणारे न्यूबेरी पदक ग्रंथपालांच्याच संघटनेतर्फे दिले जाते, यावरून त्यांच्या निवडीचे वजन लक्षात यावे. तेव्हा आपल्या परिसरातील ग्रंथपालांशी बोलावे, मुले कोणती पुस्तके पुन्हा मागून नेतात हे विचारावे, आणि निदान दोन पुस्तके प्रकाशित होऊन त्यांच्या विक्रीचा हिशोब हाती येईपर्यंत नोकरी सोडू नये. करारावर सही करण्यापूर्वी, पुस्तकाची छपाई थांबल्यास हक्क लेखकाकडे केव्हा परत येतात, ते कलम अवश्य वाचावे.