संघ हरला की दिवस वाया का जातो?

“संघ हरला की मला दिवसभर काही सुचत नाही,” ही तक्रार जळगावात समुपदेशन करताना मी आयपीएलच्या दिवसांत वारंवार ऐकते. परंतु तिचे मूळ मला सर्वांत स्वच्छ दिसले ते एका बेसबॉलप्रेमी गृहस्थांमुळे. अमळनेर तालुक्यात कृषी केंद्र चालवणारे हे गृहस्थ मोठ्या भावाकडे सिॲटलला काही महिने राहिले आणि तिथल्या मरिनर्स संघाचे निष्ठावान चाहते होऊन परतले. तिथला संध्याकाळचा सामना आपल्याकडे सकाळी सातच्या सुमारास सुरू होतो. “हरले की हे गिऱ्हाइकाशीसुद्धा धड बोलत नाहीत, ताई,” असे त्यांच्या पत्नीने सांगितले.

“चांगल्या संघाने जिंकायलाच हवे,” ते म्हणाले. “लागोपाठ तीन सामने हरले म्हणजे मोसम संपलाच की.”

आयपीएलच्या साखळीत एका संघाला १४ सामने मिळतात, म्हणून तिथे तीन पराभव जड जातात. अमेरिकेतील मेजर लीग या अव्वल बेसबॉल स्पर्धेतला संघ मात्र मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ सामने खेळतो. क्रिकेटमध्ये मुरलेली धास्ती त्यांनी जशीच्या तशी तिकडे नेली होती, हे माझ्या लक्षात आले.

पुढच्या एका भेटीत मी त्यांना संघाचा सर्वोत्तम मोसम विचारला.

“२००१. ११६ विजय! तेवढे त्याआधी फक्त शिकागो कब्जने, १९०६ मध्ये मिळवले होते.”

“आणि पराभव किती?”

“शेहेचाळीस.”

“म्हणजे त्या वर्षीही शेहेचाळीस दिवस तुम्ही वहिनींशी अबोला धरला असता.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःहून म्हणाले, “आमचे वडील पहिल्या वेचणीवरून कापसाचा एकरी उतारा कधी ठरवत नाहीत.” हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातले असते तर त्याचा काही उपयोग झाला नसता, माणसाला स्वतःच्या अनुभवातून सापडलेले उत्तरच टिकते, असा माझा अनुभव आहे आणि त्या दिवशी त्याचे मला मनापासून समाधान वाटले.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर माझी श्रद्धा आहे. संघ जिंकावा ही इच्छा निरोगी असते; तिची अट झाली की त्रास सुरू होतो. अपेक्षा वास्तववादी ठेवणे म्हणजे ती खाली आणणे नव्हे: २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या ५० सामन्यांपैकी ३१ गमावले होते, तरी त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, त्यांनीच जिंकली. म्हणून मोसमाचा अंदाज सुरुवातीलाच लिहून ठेवावा, तो रोज न तपासता महिन्याने तपासावा, आणि दहापैकी तीनदा यशस्वी फटका मारणारा फलंदाजही या खेळात नावाजला जातो, हे खेळाडूंना दोष देण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. सप्टेंबरमध्ये बाद फेरीची जागा पणाला लागली असता एखादा पराभव जिव्हारी लागला तर त्यात गैर काही नाही. मात्र तो राग दुसऱ्या दिवशीही घरच्यांवर निघत असेल, किंवा सामन्यांवर पैसे लावले जात असतील, तर समुपदेशकाकडे जाण्यास उशीर करू नये.